सप्टेंबरचा भाव

डलूथ, पहाटे साडेचार, उणे अकरा.
दुकानाबाहेरच्या रांगेत आर्विड
ल्युसीलला समजावतोय:
चाळीस टक्के सूट, पण कशावर चाळीस, ते आधी विचार.
त्याच्या खिशातल्या वहीत सप्टेंबरचा भाव आहे,
पेन्सिलीने, खाली दोन रेघा मारून.
तेव्हा हेच वॉशिंग मशीन वीस डॉलरने स्वस्त होतं.

दार उघडलं. माणसं टीव्हीकडे धावली.
ही दोघं माझ्या विभागात, रमतगमत.
बैलाचे दात बघावेत तसं
तो दाराचं रबर ओढून बघतो,
ड्रमवर टिचकी मारून कान लावतो.
"पत्रा पातळ.
हे बरं, पण याचा पंप कुठे मिळेल?
वाढीव वॉरंटी घेऊ नकोस, तो पैसा बँकेत ठेव,
आणि धुऊन झालं की गाणं म्हणतं
त्याच्या वाटेलाही जाऊ नकोस."

मी छातीवर बिल्ला लावून उभी.
त्याच्या वाक्यागणिक माझं कमिशन आटत होतं.

"म्हणजे जुनंच राहू दे?" ल्युसीलने विचारलं.
तो बुटांवरचा बर्फ बघत राहिला.
"नऊदा दुरुस्त केलंय मी ते.
बेल्ट, बेअरिंग, परत बेल्ट."
"आणि नऊही वेळा," ती म्हणाली,
मला, त्याला नाही,
"कॉफीला थांबलाय."

सातला बाहेर पडली.
हातात फक्त एक टोस्टर, निम्म्या किमतीचा,
जो त्याने उघडूनसुद्धा बघितला नाही.

त्याची कळ अडकते.
मला माहीत होतं.
बोलले नाही.