रावपुऱ्यातला नग

नवरात्राआधी दुकानात सगळे विचारतात,
"मेगापिक्सेल किती? रील निघतं ना?"
आणि उत्तर ऐकायच्या आत
खिशातल्या फोनकडे बघतात.

वरच्या फळीवर एकच नग,
फक्त काळं-पांढरं टिपणारा.
खांबेटेशेठ दर दिवाळीला त्याची धूळ पुसतात,
किंमत पुसत नाहीत.
गरब्याच्या गावात
रंग न दिसणारा कॅमेरा!
कंपनीचा माणूसही हसून गेला.

परवा दांडिया बाजारातले प्रधान मास्तर आले.
अर्धा तास हाताळत बसले.
"मला लाल-हिरवं कधी कळलंच नाही," म्हणाले,
"यातला फोटो तरी
बायकोला आणि मला
सारखाच दिसेल."

शेठनी डबा शोधला.
हमीची मुदत केव्हाच सरलेली.

फळीवर उरला धूळ नसलेला चौकोन.
संध्याकाळी तिथे
सेल्फी-स्टिकांचा खोका बसला.