तीसच्या खाली

तो आवाज रिकाम्या गाडीतच यायचा.
बारा पोरं उतरली, सगळ्यात शेवटी
अयोध्यानगरच्या वळणावर ओजल तितरमारे,
दप्तर तिच्याहून मोठं,
आणि दार सरकवून लावलं की
मागून कुठूनतरी: खडक्, खडक्, खड.

नवऱ्याला शेजारी बसवलं.
म्हणाला, सिमेंट रोड आहे, सांधे वाजतात.
सांधे मला माहीत आहेत, सहा वर्षं चालवतेय,
ते ठरल्या अंतरानं येतात, लाइटबिलासारखे.
हा मनात आलं की यायचा.

शोरूममधल्या पोरानं टॅबवर बोट फिरवून
शॉकॲब्सॉर्बर सांगितले,
साडेसात हजार, जीएसटी वेगळा.
पंपावरचा हवा भरता भरता म्हणाला, बेअरिंग.
दीर म्हणाले, विकून टाका.

मग गोळीबार चौकात डोमाजी निनावे.
दुकान म्हणजे निंबाखाली एक जॅक,
पान्यांचा डबा
आणि ग्रीसनं काळी झालेली खुर्ची.
"कधी येते आवाज?"
"पोरं उतरली की."
वाटलं, हसेल. हसला नाही.
"अन् किती स्पीडले?"
हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

तो मागे आडवा झाला, सीटांच्या मधे,
बिस्किटांच्या चुऱ्यावर कान टेकून.
मी पाचपावलीचा पूल चढवला, उतरवला,
कमाल चौकातून परत.
एप्रिल. पत्र्याला हात लावला की चटका.
आणि मागून त्याचं चाललेलं,
"हळू... अजून हळू... आता द्या रेस... बस्."
खाली उतरून गुडघे झाडले.
"तीसच्या खाली वाजून राह्यलं. तीसच्या वर गप."

चाक उचललं. हातानं फिरवत
डोळे मिटून बसला.
"बाप हातमागावर होता माझा.
बोळीत नऊ माग चालत.
जेवता जेवता बाप सांगे,
तिसऱ्या घरी धोटा अडखळून राह्यला.
जाऊन पाहा, तर खरंच."
चाक फिरत होतं.
"माग गेले भंगारात. कान कोण घेते?"

स्क्रूड्रायव्हर घालून व्हीलकप उचकला.
आतून कंचा पडला.
हिरवा, पोटात पिवळी पाकळी.
फटीतून कुणीतरी सोडलेला, गल्ल्यात पैसा टाकावा तसा.
उतारानं नालीकडे निघाला,
डोमाजीनं चप्पल आडवी घातली.

चाक जोरात पळालं की तो कडेला चिकटून बसे,
हळू झालं की पडे.
हे त्यानं सांगितलं.
उरलेलं माझं मलाच कळलं:
तो भरल्या गाडीतही वाजतच होता,
पाढ्यांत, डब्यावरून भांडणांत,
टीचरच्या नकलांत बुडून जात होता.

पर्स काढली. "किती झाले?"
"थांबा ना बाई. चाक उघडलंच हाये तर."
ड्रमवर हातोडीचे तीन ठोके.
आत ओलं.
धुळीत कालवलेलं ब्रेक ऑइल.
डाव्या चाकाचा सिलिंडर कधीपासून
गुपचूप पाझरत होता.
त्याचा काही आवाज नव्हता.

आम्ही दोघं थोडा वेळ बोललो नाही.
मग त्यानं दहाचा पाना मागितला.
मी दिला.

सोमवारी गाडीत विचारलं, कंचा कुणाचा?
अकरा हात वर आले.
ओजल खिडकीबाहेर
रस्त्यातल्या गाई मोजत होती.
अयोध्यानगरला उतरली, चार पावलं गेली,
परत आली, वाकून
मागच्या चाकाकडे पाहिलं
आणि पळाली.

दार लावलं. गाडी मुद्दाम तीसच्या खाली ठेवली.
काहीच नाही.
ब्रेक दाबून पाहिला.
पुन्हा दाबला.