दोनशे एकोणीस

शुक्रवारी चार वाजता भरलेल्या डब्यांची यादी निघते.
उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या ऑफिसात
मी, टेबलफॅन, आणि हेडफोन, ज्याचा डावा कान गेलाय.

एका डब्यात तीस निरोप मावतात.
एकतिसाव्याला यंत्रातली बाई अडवते,
आधी इंग्रजीत, मग कन्नडात: पेट्टिगे तुंबिदे.
मराठीला तिच्याकडे आकडा नाही.
निरोप निम्मे मराठीतच असतात, पण ते तिला कुठं कळतंय,
ती सगळेच सारखे मोजते.

नेहमीचेच असतात यादीत.
सेल्सचा मुतगेकर: तीसच्या तीस गोकाकच्या एकाच गिऱ्हाइकाचे.
पहिल्यात साहेब, सहाव्यात अहो, विसाव्यात नुसता श्वास.
हिरेमठ मॅडमच्या डब्यात कुणी बोलतच नाही,
मागे क्रेन चालते आणि खाटकन बंद.
सगळे पुसायचे? एक दाबा.
एक दाबते.
ऐकायचे नाहीत, असा नियम आहे.
(मग साहेब, अहो, श्वास मला कसं माहीत, ते विचारू नका.)

मंगळवारी कुणीतरी नऊ दाबून माझ्यापर्यंत आलं.
"बाई, दोनशे एकोणीसची पेटी भरलीया म्हणूलालीय ती.
एका निरोपाची जागा कर की.
मोठा न्हाई. बारकाच हाय."
कोण बोलतंय विचारलं तर म्हणाला,
स्टोअरातनं.

स्टोअरचे भरमाण्णा कडोलकर मार्चात रिटायर झाले.
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ,
फोटोत नेमके डोळे मिटलेले.
त्यांचा डबा बंद करायचं कुणाच्याच कामात नव्हतं.

तीस निरोप. एकच नंबर, येळ्ळूरचा, घरचा.

"भरम्या, सत्तावीस नंबर रॅकची चावी दाराच्या मागं हाय. खिशात हुडकू नको."
मला हसू फुटलं. माणूस रात्री घरून
स्वतःलाच फोन करून ठेवायचा.
"भरम्या, बेअरिंगा मोजून घे. बसप्पा म्हणंल बरोबर हायत. तरी मोज."
"भरम्या, हातमोजे संपूलालेत, चिठ्ठी घाल."
"भरम्या, उद्या फाटक पडतंय, धा मिनिटं आदी निघ."
असे अकरा.

बारावा एप्रिलातला. सकाळी सहा वाजताचा.
"भरम्या, आज कामावर जायचं न्हाई."

तेरावा. "आज बी न्हाई."

मग पंधरा-सोळा असेच, कधी रविवारीसुद्धा.
पुढे पुढे शब्द सांडायला लागलेले,
चावीचं काहीतरी, एल्लि इट्टे, कुठं ठेवली,
दोन्ही भाषांत हुडकून झाल्यावर गप्प.
एकात कुकरची शिट्टी, आणि बायको लांबून:
कुणासंगट बोलूलालासा?
"ऑफिसात."
तिसाव्यात फक्त, "हॅलो, स्टोअर?"
आणि थांबणं. यंत्र कापेपर्यंत थांबणं.

सोमवारपासून दोनशे एकोणीस नव्या पोराला द्यायचाय,
चेतन बिर्जे, डिप्लोमा, त्याला डबा लागतच नाही,
सगळं मोबाइलवर.
साहेबांचं पत्र माझ्या कीबोर्डखाली आहे.

मंगळवारी मी करते म्हणाले होते.
मग कुठला पुसू?
चावीचा? रॅक भंगारात गेला, पण चावी अजून दाराच्या मागं आहे,
मी जाऊन बघून आले.
बेअरिंगांचा? बसप्पा अजून बरोबर आहेत म्हणतो.
आज कामावर जायचं न्हाई, हे इतक्या वेळा आहे,
त्यातलं एक गेलं तर कुणाला कळणार.
पण त्याला ते रोज नव्यानं सांगावं लागत होतं.

शेवटी हातमोज्यांचा पुसला.
हातमोजे आलेत, गेल्याच आठवड्यात, दोन पोती.

साडेपाचला लाल दिवा लागला.

यादीत दोनशे एकोणीससमोर लिहिलं:
भरलेला. रिकामा करता येत नाही. तांत्रिक अडचण.
नवा निरोप ऐकला नाही.
नियमच आहे तसा.