पाठकोरा

तुझा नंबर नऊ आकडी आहे, भागवत.
मोज. बोट ठेवून मोज.
सात महिने फोन वाजला नाही म्हणून
तू नशिबाला, आडनावाला, भूमच्या कॉलेजला
शिव्या घालत होतास,
आणि इथं एक आठ
टाईप करताना गळून पडला होता.

हसू नकोस. मीही हसत नाही.
नवी पेठेत एकवीस वर्षं झेरॉक्स काढतोय,
दोन रुपयांत माणूस वाचायला मिळतो.
‘छंद : वाचन, संगीत, प्रवास.’
कुठला प्रवास? स्वारगेट ते भूम, उभ्यानं?
खोड ते.
तिथं लिही की मेसच्या मावशींचा हिशोब
तू दीड वर्षं ठेवलास
आणि एका पोळीचाही घोळ झाला नाही.
त्याला काम म्हणतात.
ते सांगायला लाजतोस,
‘डायनॅमिक’ लिहायला लाजत नाहीस.

हिंजवडीला साडेदहाला बोलावलंय ना?
आदल्या दिवशी एकदा जाऊन ये.
गेट बघ. वॉचमनशी दोन शब्द बोल.
मोरी कुठं आहे तेही विचारून ठेव.
वाकडच्या पुलाखाली जे अडकतात
त्यांना नकारसुद्धा मिळत नाही.

बूट नवे घेऊ नकोस.
चावरा बूट चेहऱ्यावर दिसतो.
येत नसेल तर ‘येत नाही’ म्हण,
आणि मग गप्प बस.
ती शांतता तुझी एकट्याची नसते,
त्यांनाही थोडी उचलू दे.
पगार विचारला तर आकडा सांग.
‘तुम्ही द्याल ते’ हे गुरुजींनी दक्षिणेला म्हणावं,
आणि हल्ली तेही म्हणत नाहीत.

हा कागद बघतोस, ज्यावर मी पेन्सिलीनं
उधारी मांडतो, खोडतो, परत मांडतो?
उलटा कर.
हो, मीच.
दत्तात्रय महादेव गोडांबे. टर्नर. अनुभव सोळा वर्षं.
पिंपरीची कंपनी बंद पडली तेव्हा
चाळीस प्रती काढल्या होत्या.
तेवीस वाटल्या. सतरा उरल्या.
त्या सतरा पाठकोऱ्यांतला हा शेवटचा.
दाखल्याची प्रत काढायला या दुकानात आलो,
मशीनमध्ये कागद अडकलेला,
जुने मालक त्याला थोबाडीत मारत होते.
मी बाही वर केली, एवढंच.
यातून बोध वगैरे घेऊ नकोस.
मला टर्नरच राहायचं होतं.
अजून कधी झोपेत लेथ सुरू होतो
आणि बरं वाटतं.

नसीमा तांबोळी आठवते? इंदापूरची?
अकरा नकार. प्रत्येकाची तारीख वहीत,
पुढं एक ओळ : काय विचारलं, काय अडलं.
बाराव्या ठिकाणी त्यातलं काहीच विचारलं नाही.
पण म्हणाली, काका, हात कापत नव्हते.
काल रुजू व्हायची कागदं घेऊन आली :
आधार, पॅन, चार मार्कशीट, सगळ्याच्या दोन-दोन.
मी पूर्ण पैसे घेतले.
सवलत बेकारांना.
पेढे ठेवून गेलीय, तुझा त्या डब्यात आहे.
आधी हात पूस, मग प्रिंट धर.

आता तो आठ घाल.
मला काय विचारतोस, नंबर तुझा.
सातच्या पुढं. बरं.
मोठ्यानं वाच एकदा.
थांब, पंचवीस प्रती लगेच नको.
एकच काढतो,
आणि ह्या कागदावर बघून, आकड्यामागून आकडा,
इथूनच तुला फोन लावतो.

वाजतोय बघ.

अरे, बघतोस काय,
उचल की.