कारणाचा रकाना

डीनच्या कचेरीतल्या फॉर्मवर
कारणाचा रकाना बोटभर होता.
मी लिहिलं, 'प्रकृती'.
खिडकीतली बाई म्हणाली,
शिक्का वाळू दे, मग घडी घाल.

तिबिलिसीहून तेलावीला येणाऱ्या मिनीबसमध्ये
शेजारणीने अख्खी काकडी सोलून हातात ठेवली,
विचारलं काहीच नाही.
त्या दिवसातलं तेवढंच आठवतं.

बादूरमामाची भट्टी म्हणजे जमिनीत पुरलेला मातीचा रांजण.
कमरेपर्यंत आत वाकून
तापल्या भिंतीला पाव चिकटवायचे.
पहिल्या आठवड्यात माझे निम्मे राखेत पडले.
मामा आकड्याने बाहेर काढायचा, झटकायचा,
आणि कुत्र्याला हाक मारायचा.
मी आल्यापासून कुत्रा लठ्ठ झालाय.

हाताच्या सत्तावीस हाडांची नावं मला लॅटिनमध्ये येतात.
मार्चमध्ये, परीक्षेच्या टेबलापाशी,
एकही आलं नव्हतं.
फक्त कुठेतरी नळ गळत होता, तो ऐकू येत राहिला.
इथे हाताला एवढंच काम:
ओला कर, थाप, सोड.
सोडणं सगळ्यात अवघड.

झोप अजून पहाटे तीनलाच मोडते.
पण तीनला भट्टी पेटवायची असते,
तेव्हा मी म्हणते, उठले.

डॉक्टर एलेने दर गुरुवारी फोनवर सांगते,
रोज काय केलंस, तेवढं लिही.
वहीत आहे:
'केस धुतले.'
'आईचा फोन उचलला.'
'पिठाच्या खोलीत रडले, वीस मिनिटं. मग भूक लागली.'
एक पान कोरं आहे. फाडलेलं नाही.
त्याच्या पुढचंही कोरंच.
मग, 'नखं कापली.'

गिऱ्हाईकं विचारतात, परत कधी जाणार?
आधी मी पिठाकडे बघत राहायचे.
काल म्हातारी नतेला विचारत होती, तिला म्हटलं,
ठाऊक नाही. तुम्हाला पाव किती?
'चार,' ती म्हणाली, 'आणि एक करपलेला दे,
माझ्या म्हाताऱ्याला तसाच लागतो.'

ऑक्टोबर लागलाय. द्राक्षं तुडवून झाली,
गल्लीभर आंबूस वास.
पुस्तकांचं खोकं पलंगाखाली होतं, दोरीने आवळलेलं.
परवा मामाला लाकडं बांधायला दोरी हवी होती,
ती सोडून दिली.
पुस्तक काही काढलं नाही.
पण खोकं उघडं आहे,
आणि सगळ्यात वर कोणतं आहे
ते झोपताना दिसतं.