बदल नाही

पालशेतच्या उतारावरचा पोल नंबर चौदा.
सव्वीस वर्षं चढलो त्याच्यावर.
आता खाली खुर्ची टाकून बसतो
आणि वर अन्वर मुकादमला सांगतो,
आधी जंपर बघ रे.

खारा वारा तारेचं कव्हर खातो.
आतली तार शाबूत, वर नुसता भुगा,
आणि करंट कुठेतरी झावळीत गळून जातो.
कोल्हापुरात केळुसकर बाईंनी माझा मेंदू पडद्यावर लावला,
पांढरे डाग दाखवले,
समजवायला काहीतरी उदाहरण शोधू लागल्या.
म्हटलं, राहू द्या मॅडम. कळलं.

दुसरं मात्र मला माहीत नव्हतं.
डावा पाय उचलायला
पूर्वी डोक्यातली एक जागा पुरायची,
आता तीन जाग्या होतात.
शृंगारतळीचा फीडर गेला
की आम्ही गुहागरकडून सप्लाय फिरवतो, तसं.
लाइट येते.
पण ट्रान्सफॉर्मर तापतो, पंखे रडतखडत फिरतात.
दुपारी तीनलाच मी ओट्यावर आडवा होतो, ते ह्यानं.
घरात इतकी वर्षं त्याला आळस म्हणत होते.
मीसुद्धा.

सहा महिन्यांनी एकदा औषधाची बाटली शिरेत.
शेजारच्या खाटेवर कागलची एक पोर,
बाटली तीच, कंपनी तीच,
तिची बोटं परत आली, वेणी घालते आता स्वतःची.
माझा पाय नाही आला.
बाई म्हणाल्या, कुणाच्या डोक्यात किती आडवाटा शिल्लक असतात
ते आधी सांगता येत नाही अजून.
मग कंपाउंडरला हाक मारली.

यंदाच्या स्कॅनच्या कागदावर शेवटची ओळ:
नवा डाग नाही, मागच्या वेळेपेक्षा बदल नाही.
सुलभा फोनवर चिपळूणला, डोंबिवलीला,
बदल नाही, बदल नाही,
जशी काही नातू झाल्याची बातमी.

मे महिन्यात उष्मा चढला
की तोळकेश्वराचं दीपगृह मला दोन दिसतं.
विहिरीच्या पाण्यात पंचा पिळून मानेवर टाकतो,
तासाभराने पुन्हा एक.
तेवढ्या वेळात मी कुणालाच काही बोलत नाही.

अन्वर वरून ओरडतो, झालं काका, उतरू?
मी चपलेतल्या अंगठ्याला सांगून ठेवलंय, हल.
थांब जरा, म्हणतो.
लांबून येतंय.