चौऱ्याऐंशीचा फेरा

तुर्भ्याच्या शोरूममध्ये एसी इतका, की
ज्योत्स्नाने ओढणी दोन्ही खांद्यांवर घेतली.
काचेपलीकडे सायन-पनवेल रोड
आवाज काढून टाकल्यासारखा वाहत होता.

कौशल म्हात्रे नावाचा मुलगा, टाय जरा आखूड.
म्हणाला, साहेब, आपण काय करता?
म्हणालो, फायनान्समध्ये आहे.
तो हसला. मग तुम्हाला मी काय सांगणार!

फायनान्समध्ये म्हणजे वाशीला, तिसऱ्या मजल्यावर,
कानाला हेडफोन, सकाळी साडेनऊपासून:
सर, आपला पाच तारखेचा हप्ता बाउन्स झालाय.
अकरा वर्षं हे वाक्य मी
इतक्या मऊ आवाजात म्हणतो
की काही जण आधी थँक्यू म्हणतात.

त्याने कोटेशन काढलं.
एक्स-शोरूम आकडा वर, ठळक, मखरात बसवल्यासारखा,
खाली त्याचा परिवार:
रोड टॅक्स, विमा, फास्टॅग, वाढीव वॉरंटी,
आणि 'अत्यावश्यक किट', ज्यात मॅट, मडफ्लॅप
आणि परफ्यूमची एक बाटली.
हँडलिंग चार्जेस कशाचे?
गोदामातून इथवर आणायचे, साहेब.
का, डोक्यावरून आणलीत? ज्योत्स्ना म्हणाली.
सहा हजार तिथेच गळाले.

मधलं मॉडेल घ्यावं तर मागे एसी नाही,
वरचं घ्यावं तर सनरूफ गळ्यात.
तेजल म्हणाली, सनरूफ.
म्हटलं, घणसोलीत छत उघडून काय बघणार,
हायटेन्शनच्या तारा?
हो, म्हणाली.

रंग?
इथे मी जरा जास्तच वेळ घेतला.
कळंबोलीला आमचं यार्ड आहे.
ओढून आणलेल्या गाड्या लिलावाची वाट बघत
बंपरला बंपर लावून उभ्या असतात.
काळी महिन्याभरात म्हातारी दिसते,
पांढरीवर धूळ लवकर कळत नाही.
एकीच्या डॅशबोर्डवर गणपती होता,
पक्का चिकटवलेला, निघेना.
एकीच्या मागच्या सीटखाली
वीतभरही नाही एवढा मोजा.
यादीत मी लिहिलं: मोजा, नग एक.

पांढरी, मी म्हणालो.
ज्योत्स्नाला वाटलं, उन्हासाठी.

कर्ज आमच्याच कंपनीचं. स्टाफला पाव टक्का कमी.
सात वर्षं करा साहेब, हप्ता हलका बसतो.
सात वर्षं म्हणजे चौऱ्याऐंशी.
कीर्तनातल्या त्या फेऱ्यात
निदान दर खेपेला देह नवा मिळतो.
इथे तीच गाडी, तोच मी,
आणि शेवटच्या हप्त्याला तेजल
कॉलेज संपवून कुठे असेल कोण जाणे.
पाच करू या का? मी विचारलं.
ज्योत्स्नाने मोबाइलवर आकडे मारले,
पुन्हा मारले,
आणि मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला.
सातच.

एकोणचाळीस सह्या.
अकरावं कलम मी वाचलं नाही.
ते मला पाठ आहे, श्वास कुठे घ्यायचा त्यासकट.
मग संदर्भासाठी दोन नंबर.
हे नंबर कशाला लागतात, मला माहीत आहे.
माणूस फोन उचलेनासा झाला
की आम्ही त्याच्या मेव्हण्याला लावतो.
मी मेव्हण्याचा लिहिला.
दुसरा कोणाचा लिहावा सुचेना.
हप्ता चुकलाच कधी तर फाइल सावंतकडे जाईल,
तो माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतो.
उजवीकडे तोंड करून, मऊ आवाजात,
तो मला सर म्हणेल.

निघताना कौशल दारापर्यंत आला.
साहेब, मघापासून आठवतोय,
तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय.
बाहेर कोपऱ्यात त्याची मोटरसायकल होती,
टाकीवर आमच्या कंपनीचा स्टिकर, अर्धा खरवडलेला.

असेल, म्हणालो.
मॅट तेवढ्या फुकट टाका.

त्याने लगेच लिहून दिलं.
इतक्या लगेच,
की ते मला आवडलं नाही.